यात्रेची गाडी : कमी खर्चातलं चाकांवरचं घर

माघ जवळ आला की निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागातल्या गावांत ट्रॉल्या धुवायला निघतात. उसाच्या खेपा करून काळवंडलेला पत्रा घासायचा, बांबूच्या किंवा पाइपच्या कमानी चढवायच्या, वर ताडपत्री ताणायची आणि खाली पिंजार पसरायचं. रायबाग तालुक्यातल्या चिंचलीला, मायाक्काच्या यात्रेला निघायचं असतं. कुणी सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जातं. चार दिवस तीच गाडी घर, तीच स्वयंपाकघर.

इकडे आपल्या घरातल्या तरुण पोरांच्या मोबाईलवर दुसरीच गाडी फिरत असते. कारच्या मागे ओढायची, थेंबाच्या आकाराची, दोन माणसं आडवी होतील एवढी बुटकी लाकडी खोली. तिला टिअरड्रॉप ट्रेलर म्हणतात. परदेशात लोक ती घरच्या घरी, सुटीच्या दिवशी खपून बांधतात. मग प्रश्न येतो, "आपल्याकडे थोडक्या पैशांत असं काही होईल का?"

होईल. पण आधी आपल्याच अंगणातली गाडी नीट बघायला हवी. कमी पैशांत चाकांवरचं घर उभं करायची विद्या या सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या विद्येतली एक गोष्ट मात्र ट्रॅक्टर आल्यावर आपण बदलायला विसरलो, आणि ती चूक जिवावर बेतते. या लेखात दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत, गाडी कशी सजवायची आणि तिच्यात कधी बसायचं नाही.

कमानीची बैलगाडी

साठी-सत्तरीच्या पुढच्या कुणालाही विचारा, यात्रेची सवारी गाडी त्यांना आठवत असेल. कानडी शेजारी गाडीला चक्कडी किंवा बंडी म्हणतात आणि कमानीच्या गाडीला कोल्हारी बंडी. नाव वेगळं असलं तरी बांधणी एकच. एरवी शेणखत आणि कडबा वाहणारीच ही गाडी. यात्रेपुरत्या तिच्या साट्यावर बांबूच्या कमानी खोवायच्या, त्यांवर तट्ट्या किंवा घोंगडी टाकायची, दोरीने आवळायचं, की घर तयार. यात्रा झाली की कमानी माळ्यावर आणि गाडी पुन्हा शेतात. घरासाठी वेगळी गाडी कुणी विकत घेत नव्हतं. स्वस्ताईचं पहिलं सूत्र हेच होतं.

दुसरं सूत्र म्हणजे जे आपल्याला येत नाही ते जाणकाराच्या हाती द्यायचं. चाक घरी होत नसे. तुंबा, आरे आणि पाट जुळवायचे ते सुताराने. धाव चढवायची ती लोहाराने. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवत. शेणी-लाकडांच्या आगीत ती तापून लाल झाली की फुगते. तशीच उचलून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. थंड होताना ती आक्रसते आणि सगळे सांधे एकमेकांत घट्ट आवळून धरते. हे काम चुकलं तर वाटेत चाक निखळणार, हे सगळ्यांना ठाऊक असे. म्हणून चाक, आस आणि कुणी यांवर पैसा खर्च व्हायचा. वरचं छप्पर मात्र घरच्या माणसांनी घरच्या सामानातून करायचं.

तिसरं सूत्र, एका वस्तूची दोन कामं. साट्यावर अंथरलेला कडबा आणि पिंजार ही रात्रीची गादी, आणि तोच बैलांचा चारा. परतीच्या वाटेला गादी पातळ होत जायची. बैल सोडल्यावर गाडी ज्यावर टेकते तो शिपाई नावाचा दांडका प्रवासात गाडीलाच लटकलेला असायचा. साट्याखालच्या झोळीत भांडी आणि तिच्याशेजारी टांगलेला कंदील. जागा कमी होती, म्हणून प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा होती.

आणि चौथं, वजनाचं. बोजा आसाच्या फार मागे गेला तर गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. बोजा फार पुढे आला तर जू मानेवर दाबतं आणि खांदे सोलवटतात. म्हणून पोती-ट्रंका चढवताना घरातला जुना माणूस पुढे उभा राहून धुरीवर हात ठेवून अंदाज घ्यायचा. जू किंचित जड लागलं की "झालं, पुरे" म्हणायचा.

थेंबाच्या आकाराची खोली

आता ती मोबाईलमधली गाडी. टिअरड्रॉप ट्रेलर अमेरिकेत १९३० च्या दशकात लोकांच्या हाती आली. तो मंदीचा काळ होता. हॉटेलात उतरायला पैसे नव्हते, पण मोटार होती आणि हातात हत्यारं होती. लाकूडकाम करणाऱ्यांसाठी नियतकालिकांत तिचे नकाशे छापून येत. 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' या मासिकाच्या सप्टेंबर १९४७ च्या अंकातला नकाशा पुढे फार गाजला. महायुद्ध संपल्यावर शिल्लक राहिलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा स्वस्तात मिळू लागला, तोही या गाड्यांच्या अंगावर चढला.

तिचं माप फार हुशारीने ठरलेलं आहे. प्लायवूडचा तक्ता ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद येतो. गाडीही साधारण तेवढीच. म्हणजे बाजूच्या दोन भिंती दोन तक्त्यांतून निघतात, तळ तिसऱ्यातून, आणि कापून वाया फार थोडं जातं. उंची चार फुटांच्या आसपास, कारण आत उभं राहायचंच नाही. उंची कमी म्हणून वारा कमी अडतो आणि लहान गाडीलाही ती ओढता येते. मागचं झाकण वर उचललं की खाली ओटा, शेगडी आणि डबे. स्वयंपाक करणारा बाहेर उभा राहतो, झाकण त्याच्या डोक्यावर छप्पर होतं.

आपल्या चारही सूत्रांशी हे ताडून बघा. चाक, आस आणि साखळीची जोडणी तयार घ्यायची, घर आपण बांधायचं. झाकणाचंच छप्पर करायचं. वजनाचा नियमही धुरीवर हात ठेवणाऱ्या आजोबांचाच आहे. ट्रेलर बांधणारे सांगतात की एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडणीवर यायला हवा. त्याहून कमी झाला तर वेगात ट्रेलर शेपटासारखी डावी-उजवीकडे झुलू लागते आणि ओढणारी गाडीही सोबत ओढून नेते.

पण एका बाबतीत ती आपल्या गाडीहून वेगळी आहे, आणि सगळं त्यातच आहे. टिअरड्रॉपमध्ये झोपतात, पण चालू असताना तिच्यात कुणी बसत नाही. माणसं पुढच्या मोटारीत, पट्टा लावून. मागची खोली मुक्कामापुरती.

ट्रॉली आली आणि वेग वाढला

बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर चालते. निपाणीहून चिंचली साठ किलोमीटरच्या आसपास. बैलगाडीला दोन-अडीच दिवस लागायचे. त्या चालीत म्हातारी आजी आत पडून राहिली, पोरं चालत्या गाडीतून उड्या मारून उतरली आणि पुन्हा चढली, तरी काही बिघडत नव्हतं. घर आणि वाहन एकच असणं त्या वेगाला शोभत होतं.

मग ट्रॅक्टर आला. कमानी त्याच, ताडपत्री तीच, पिंजारही तेच. फक्त खालचं चाक आणि पुढचा ओढणारा बदलला. वेग तासाला पंचवीस-तीस किलोमीटर झाला आणि माणसं पूर्वीसारखीच आत बसून, झोपून जाऊ लागली. आपण म्हटलं, सोय झाली, दोन दिवसांची वाट दोन-तीन तासांत सरली.

वेगाचा फरक समजायला एक सोपा हिशेब करू. चालती गाडी अचानक थांबली तर आतल्या माणसाला बसणारा दणका किती उंचीवरून पडण्याइतका असेल? तासाला ४ किलोमीटरला ही उंची जेमतेम अडीच इंच येते. म्हणजे पाटावरून घसरल्यासारखं. तासाला ३० किलोमीटरला ती साडेअकरा फूट होते. म्हणजे माडीवरून खाली पडल्यासारखं. वेग साडेसात पट झाला, पण मार छप्पन्न पटींनी वाढला, कारण धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. ट्रॉलीला पट्टा नाही, धरायला कठडा नाही. बाजूचा पत्रा दोन फुटांचा, म्हणजे उभ्या माणसाच्या गुडघ्याच्या वर जेमतेम.

त्यात पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर भरलेली ट्रॉली मागून ट्रॅक्टरला ढकलते. ट्रॅक्टर जरा तिरका झाला तर ती त्याला आडवा पाडते आणि स्वतःही उलटते. पुणे-बंगळूर महामार्गावर निपाणी आणि संकेश्वरच्या मधल्या तवंदी घाटातून ज्यांनी ट्रॅक्टर उतरवला आहे, त्यांना हे सांगायला नको. पहाटेच्या धुक्यात मागे दिवा नसलेली ट्रॉली ट्रकवाल्याला दिसते ती अगदी जवळ आल्यावर. यात्रेच्या दिवसांत ट्रॉली उलटल्याची बातमी वाचून आपण चुकचुकतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा आजीला हात देऊन ट्रॉलीत चढवतो.

अपघातानंतरचं दुखणं वेगळंच. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात स्पष्ट केलं की मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्यांच्या भरपाईची जबाबदारी कायद्याने सक्तीच्या केलेल्या विम्यावर येत नाही. म्हणजे गावातल्या ज्या भल्या माणसाने "चला, सगळ्यांना नेतो" म्हणून ट्रॉली दिली, भरपाईचा बोजा त्याच्याच घरादारावर येऊ शकतो. उपकार करणारा आणि जीव गमावणारा, दोन्ही घरं एकाच रात्रीत बसतात.

झोपायची गाडी वेगळी, बसायची वेगळी

मग यात्रेची गाडी बंद करायची का? मुळीच नाही. टिअरड्रॉपवाल्यांची एक सवय घ्यायची. सामान आणि बिछाने गाडीत जातील, माणसं दुसऱ्या मार्गाने जातील आणि मुक्कामाला सगळी एकत्र येतील.

ही रीत आपल्याला परकी नाही. वारीत असंच चालतं. दिंडीचे तंबू, भांडी आणि शिधा ट्रकमधून पुढे जातो, वारकरी रस्त्याने चालतात आणि मुक्कामाला पोचल्यावर आडवे होतात. आपल्या चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यासाठी आळंदीला जातात. त्या सोहळ्यात माउलींच्या तंबूची सेवाही शितोळ्यांकडेच आहे. घर पुढे जातं आणि माणसं मागून येतात, हा आपला जुनाच शिरस्ता.

माणसांच्या प्रवासाचा खर्च वाढेल, ही भीती रास्त वाटते. पण हिशेब करून बघा. जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना आहे. राज्यात राहणाऱ्या महिलांना राज्याच्या हद्दीत साध्या आणि एक्सप्रेस सरकारी बसचं तिकीट लागत नाही, ओळखपत्र तेवढं जवळ हवं. निपाणीहून चिकोडी, रायबाग किंवा बेळगावहून सौंदत्ती, घरातल्या बायका आणि मुली मोफत जातील. कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या लेकी-सुनांना महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. चिंचलीला तर मिरज-बेळगाव रेल्वेमार्गावर स्टेशनच आहे. उरले पुरुष आणि पोरं. डिझेलमध्ये जी वर्गणी काढतो त्यातूनच त्यांची तिकिटं निघतील.

गाडी कशी बांधायची

पुढचं माप १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि बाजूचा पत्रा २ फूट उंच अशा ट्रॉलीचं आहे. तुमची ट्रॉली किंवा भाड्याचा टेम्पो लहान-मोठा असेल तर त्या प्रमाणात बदल करा. वेल्डिंगला हात घालण्याआधी मालकाला विचारा. ट्रॉलीला कायमचं काही जोडायचं नाही, सगळं खोवण्याचं आणि बांधण्याचं ठेवायचं.

कमानी : एक इंची हलक्या जीआय पाइपची लांबी २० फूट येते. एका पाइपचे दोन समान तुकडे केले की १० फुटांच्या दोन कमानी होतात. प्रत्येक टोकाला सहा इंच खोवायला सोडले की ९ फुटांची कमान उरते. सहा फूट रुंदीवर ती मध्यभागी सुमारे पावणेतीन फूट उंच होते. बाजूचा दोन फुटांचा पत्रा धरून आत मधोमध पावणेपाच फूट उंची मिळते. मोठं माणूस आरामात बसतं, लहान मूल उभं राहतं. अडीच-अडीच फुटांवर एक अशा पाच कमानी लागतात, म्हणजे अडीच पाइप. तिसऱ्या पाइपचा उरलेला १० फुटांचा अर्धा तुकडा वर आढ्यासारखा लांबीला बांधायचा. तीन पाइपांत सगळं भागतं आणि तुकडा वाया जात नाही. वाकवताना पाइपमध्ये कोरडी वाळू ठासून दोन्ही तोंडं बंद करा, म्हणजे तो चेपत नाही. पाचही कमानी एकाच साच्यावर वाकवा. घरचा बांबू असेल तर पाइपची गरजच नाही. ओला बांबू चिरून वाकवून बांधून ठेवा, वाळला की तो आकार धरतो.

छप्पर : १२ बाय १५ फुटांची ताडपत्री पुरते. नऊ फूट कमानीवर आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट पत्र्याच्या बाहेरून खाली. बाहेरूनच सोडायची, आत खोवली तर दवाचं आणि पावसाचं पाणी थेट अंथरुणात येतं. लांबीला पुढे-मागे अडीच-अडीच फूट उरतात, ते पडद्यासारखे खाली सोडायचे. कमानीची टोकं आणि दोरी जिथे ताडपत्रीला घासतात तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे घाला, नाहीतर पहिल्या रात्रीच भोकं पडतील. चालत्या गाडीवर सैल ताडपत्री वाऱ्याने फाटते. म्हणून प्रवासात ती गुंडाळून ठेवा आणि मुक्कामाला गेल्यावर चढवा. कमानीही तेव्हाच खोवा. चार हातांना अर्धा तास पुरतो.

हवा : माघातल्या रात्री थंडी असते म्हणून चहूकडून बंद करायचा मोह होतो. पण पाच-सहा माणसांच्या श्वासाची वाफ ताडपत्रीच्या आतल्या बाजूला गार होते आणि पहाटे थेंब थेंब अंगावर पडते. पुढच्या आणि मागच्या पडद्याला वरच्या बाजूला वीतभर फट ठेवा. ऊब अंथरुणातून मिळवायची.

अंथरूण : खाली चार-सहा बोटं पिंजार, त्यावर जुनी पोती उसवून, त्यावर घोंगडं किंवा जान, पांघरायला वाकळ. पत्र्याची थंडी खालून चढते, म्हणून पांघरुणापेक्षा अंथरूण जाड हवं. ट्रॉलीच्या रुंदीला आडवं झोपलं तर दहा फुटांत पाच-सहा जण मावतात. ती जागा म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि लहान पोरांची. बाकीच्यांनी ट्रॉलीच्या बाजूला दुसरी ताडपत्री ओढून पडवी करावी.

ओटा : ट्रॉलीचा मागचा फाळका दोन्ही बाजूंच्या साखळ्यांवर आडवा राहील असा सोडला की सहा फुटांचा ओटा होतो. टिअरड्रॉपचं मागचं झाकण जे काम करतं तेच काम फाळका करतो. त्यावर पोळपाट, परात, डबे, भाजी चिरणं आणि पाण्याची कळशी. चूल, गॅस किंवा स्टो मात्र खाली जमिनीवर, ट्रॉलीपासून दहा पावलं दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. पिंजार आणि ताडपत्री पेटायला एक ठिणगी पुरते. थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी आत घेऊन झोपणं हा सगळ्यांत वाईट प्रकार. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

मुक्कामाच्या जागी

जागा निवडताना पाण्याजवळची सपाट जागा सगळ्यांना हवी असते. पण अगदी ओढ्याच्या पात्रात गाडी लावू नका. कठीण जमीन बघा. दोन्ही चाकांना पुढून-मागून दगडाची उटी लावा. दोन चाकांची ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडली की पुढे जॅकवर टेकते, पण मागे तिला आधार नसतो. चार माणसं एकदम मागच्या बाजूने चढली तर ती बैलगाडीसारखीच उलाळते. म्हणून मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली लाकडी ओंडके द्या. जुन्या गाडीला एक शिपाई होता, नव्या ट्रॉलीला दोन लागतात एवढंच. शक्य असेल तर ट्रॅक्टर जोडलेलाच ठेवा आणि किल्ली मोठ्या माणसाच्या खिशात.

यात्रेत सगळ्या ट्रॉल्या सारख्याच दिसतात. रात्री पाण्याला गेलेलं पोर चुकतं आणि रडत फिरतं. आढ्याच्या टोकाला एक ओळखीचं फडकं आणि दिवा बांधा आणि पोरांना ते उजेडी दाखवून ठेवा. पोरांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

रस्ता आणि कागद

ट्रॉली नेणाऱ्या ड्रायव्हरने दिवसाच निघावं. मागे लाल दिवे चालू हवेत आणि फाळक्याच्या दोन्ही कडांना परावर्तक लाल पट्टी हवी. ती पट्टी या सगळ्या सरंजामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची. उताराला खालच्या गिअरमध्येच उतरायचं, डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही. ट्रॉली बहुधा शेतीकामासाठी नोंदलेली असते. यात्रेचं सामान नेण्याआधी विमा आणि नोंदणीत ते चालतं का, हे आरटीओत आणि विमा एजंटाकडे विचारून घ्या. चालत नसेल तर चार घरांनी मिळून छोटा हत्ती भाड्याने घेतलेला बरा. त्याच्या हौद्याला लहान मापाच्या कमानी बांधता येतात.

आणि ज्यांना खरोखरच कारमागची टिअरड्रॉप बांधायची आहे त्यांना एक विनंती. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हेही नोंदणी लागणारं वाहन आहे. गाडीच्या मूळ बांधणीत मनाने फेरफार करायला त्याच कायद्याचं कलम ५२ आड येतं. म्हणून आधी आरटीओत जा, मग प्लायवूड आणा. बेळगावच्या उद्यमबागेत लोखंडाचं काम करणारे एकाहून एक कारागीर आहेत, सांगाडा कुणीही उत्तम करून देईल. पण कागदाशिवाय उभी केलेली सुंदर ट्रेलर अंगणातच राहील. आणि ती अंगणातच राहिली, तरी नातवंडांच्या उन्हाळ्याच्या सुटीची ती खोली होईल, हेही काही कमी नाही.

शेवटी एवढंच

आपल्या आजी-आजोबांनी गरिबीतही यात्रेला घर बांधून नेलं, कारण देवीच्या दारी जायचं तर सगळ्या घरादाराने जायचं, म्हाताऱ्यांना मागे ठेवायचं नाही, ही त्यांची रीत होती. ती रीत टिकवायची असेल तर चालती ट्रॉली सोडायला हवी. गाडी पुढे जाऊ दे. आजीला बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळू दे. चिंचलीला पोचल्यावर तिच्यासाठी ताडपत्रीखाली वाकळ अंथरलेली असेल, फाळक्यावर गरम भाकरी आणि झुणका असेल, आणि सकाळी सगळे मिळून देवळाकडे निघतील, मायाक्काच्या नावानं चांगभलं म्हणत.

ज्यांच्या माळ्यावर जुन्या सवारी गाडीच्या कमानी, शिपाई किंवा कंदील अजून असतील त्यांनी या सुटीत ते खाली काढून मापं घ्यावीत, फोटो काढावेत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्या गाडीची हकीकत लिहून घ्यावी. पुढच्या वर्षी कमानी वाकवायला बसाल तेव्हा ती मापं उपयोगी पडतील.